चौदा टॅबची मावशी

त्या दिवशी ताई शाळेतून दोन तास आधीच घरी आली आणि चप्पल पायातच ठेवून दारातल्या स्टुलावर बसली. आता हे काही ताईचं वागणं नव्हे. ताई म्हणजे आधी स्वतःची चप्पल काढणार, मग बाकीच्यांच्या चपला जोडीने लावणार, लावता लावता त्या चपलांच्या मालकांना दोन शब्द सुनावणार, आणि मग कुठे टेकणार. धाकटी बहीण आत मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. मशीनच्या आवाजातही तिला कळलं, आज चपला हलल्या नाहीत. तिने पाय थांबवला आणि आतूनच विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

"बरं आहे. छातीत जरा जळजळतंय, सकाळी घाईत खाल्लं ना. अगं, मी आज वाचून दाखवलं."

"सगळं?"

"सगळं. पाच ओळी. बारा वेळा व्हिडिओ घेतला त्यांनी. ती फटफटी सोडतेय थोडीच! मावशी परत, तुमचं डोकं कापलं गेलं. मावशी परत, मागून कोणीतरी शिंकलं. सात वर्षांची कार्टी, पण कमरेवर हात ठेवून उभी राहिली की मोठ्या सरांना घाम फुटेल."

धाकटी हसली. ताईपण हसली, पण अर्धीच. मग गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली, "एक घोळ झालाय पण."

"काय?"

"बोलून गेले गं मी. टॅब चालू असताना."

"काय बोललीस?"

"तेच. पोरीने सरळ विचारलं, मावशी तुम्हाला वाचता येत नाही का. आणि मी सांगून बसले."

धाकटी मशीनवरून उठून बाहेर आली. कारण ही गोष्ट जगात फक्त घरातल्या माणसांना आणि एका बाईंना माहीत होती. ताईला अगदी या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. शाळेत चोवीस वर्षं नोकरी केली आणि वाचता येत नव्हतं. आणि हे तिने चोवीस वर्षं असं सांभाळलेलं, की शाळेच्या भिंतींनासुद्धा पत्ता नाही.

"मग बाईंना सांग की पुसायला," धाकटी म्हणाली.

ताईने चप्पल काढली. एक इकडे, एक तिकडे. "उद्या बघू," म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन पडली.

साडेपाचला धाकटी चहा घेऊन गेली. दोन हाका मारल्या. तिसरी मारताना कपबशी खाली ठेवावी लागली. कोपऱ्यावरचे डॉक्टर धावत आले, हात धरून बघितला आणि म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसणार. असं सगळेच डॉक्टर म्हणतात की काय माहीत नाही, पण ताईचा चेहरा खरंच झोपलेल्या माणसाचा होता.

उद्या बघू, एवढंच. पुसायला सांगते असं म्हणाली नाही, राहू दे असंही म्हणाली नाही. धाकटीच्या डोक्यात ते तेवढंच राहिलं.

आता ताईची गोष्ट सांगायची म्हणजे लांबून सुरुवात करावी लागेल. ताई दहा वर्षांची असताना धाकटी झाली, आणि आईने जे अंथरूण धरलं ते दीड वर्ष. मग तान्ह्या पोरीला बघणार कोण? ताई शाळेत तशीही रडतखडत जायची. पहिलीत दोनदा बसलेली. तिचं दप्तर खुंटीला गेलं ते गेलंच. धाकटीला कडेवर घेऊन घेऊन ताईची एक बाजू कायमची वाकडी झाली, असं ती स्वतःच चेष्टेने सांगायची. "ही माझी डावी बाजू आहे ना, ही हिची आहे. उजवी तेवढी माझी." धाकटी मात्र सातवी शिकली. पुढे घरात सगळ्यांची पत्रं, बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या धाकटीच वाचायची. ताई बाजूला बसून ऐकायची, आणि एकदा ऐकलं की संपलं. दहा वर्षांनी विचारा, तारखेसकट सांगेल.

लग्न झालं, नवरा दोन वर्षांत गेला, मूलबाळ नाही, ताई परत धाकटीपाशी. त्यात शाळेत मदतनीस पाहिजे असं कळलं. फॉर्म धाकटीने भरला. शिक्षणाच्या रकान्यापाशी दोघी थांबल्या. धाकटी तेव्हा वीस वर्षांची, जग बघितलं नव्हतं, तिने लिहून टाकलं, चौथी पास. ताई म्हणाली, "काय लिहिलंस?" धाकटी म्हणाली, "तुझं कौतुक लिहिलं." सही करायला ताईला तिनेच शिकवलेलं. ताई सही लिहायची नाही, काढायची. जीभ दाताखाली धरून, फूल काढावं तशी.

त्या दोन शब्दांनी नोकरी लागली आणि त्या दोन शब्दांची भीतीही लागली. कळलं तर? नोकरी जाईल ते वेगळं, पण चार लोकांत काय म्हणतील. म्हणून ताईने युक्त्या काढल्या. शाळेत सूचनेची वही असते. मोठे सर सूचना लिहितात, मदतनीसाने ती वर्गावर्गात न्यायची, बाई वाचून दाखवणार आणि सही करणार. ताई पहिल्या वर्गात वही द्यायची आणि कान टवकारून उभी राहायची. दुसऱ्या वर्गापासून वही बाईंच्या हातात पडायच्या आतच सांगून मोकळी, "शनिवारी अर्धी शाळा, पाण्याच्या बाटलीवर नाव घाला, आणि नखं." बायांना वाटायचं, काय हुशार बाई आहे, वाचून पाठ करून येते. मोठे सर तर नवीन बायांना तिचा दाखला द्यायचे.

असं सगळं बरं चाललेलं, आणि तीन वर्षांपूर्वी शाळेत टॅब आले.

चौदा आले. दुसरीच्या वर्गाला. अठ्ठावीस पोरं, दोघांत एक. बाकीच्या शाळांत असे टॅब कपाटात बंद होऊन पडतात, फुटले तर कोण बघणार म्हणून. पण दुसरीच्या बाई तरुण होत्या, हट्टी होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पोरांच्या हातात टॅब दिले आणि सांगितलं, आता तुम्ही व्हिडिओ बनवायचे. काय वाट्टेल ते करा, पण दुसऱ्याला काहीतरी कळलं पाहिजे.

पोरांनी काय वाट्टेल ते केलं. दप्तर कसं भरायचं. पेन्सिलीला टोक कसं काढायचं. पालीचा व्हिडिओ, त्यात पाल दोन सेकंद आणि बाकी सगळी किंचाळी. बाईंच्या चपलांचा व्हिडिओ. एकाने नुसता पंखा घेतला, सहा मिनिटं, आणि शेवटी गंभीर आवाजात म्हणाला, "अशा प्रकारे पंखा फिरतो."

आणि हे चौदा टॅब सांभाळायचं काम ताईकडे आलं. जिन्याखाली एक खोली आहे, झाडू, बादल्या, जुने नकाशे ठेवलेले, तिथे एक प्लग. त्याला एक्स्टेंशन लावलं, त्यावर एका वेळी पाचच टॅब लागायचे. म्हणजे तीन खेपा. शाळा सुटली की ताई एकेक टॅब मऊ फडक्याने पुसायची, पाच लावायची, स्टूल ओढून बसायची. पुसताना कोणाचा हात लागलाय ते ओळखायची. "हा बिस्किटवाला. ही घामट. याने नाकात बोट घालून मग टॅब धरलाय, उद्या बघते त्याला." घरी यायला तिला सहा वाजायला लागले. पोरं तिला चार्जरमावशी म्हणायला लागली. ताई वरवर रागवायची, पण घरी येऊन सांगितलं ना तिनेच, नाहीतर कोणाला कळणार होतं?

बाईंनी सांगून ठेवलेलं, "मावशी, लावायच्या आधी प्रत्येक टॅब उघडून बघा, शेवटचा व्हिडिओ चालतोय ना." ताईचं काम म्हणजे काम. रोज चौदाच्या चौदा व्हिडिओ बघायची, आणि जेवताना घरी सांगायची. धाकटीचा नवरा नळदुरुस्तीची कामं करतो, दमून येतो, जेवताना एक शब्द बोलणार नाही असा माणूस. पण तोही विचारायला लागला, "ताई, त्या पंखेवाल्याने आज काय काढलं?"

तर या वर्षीच्या सुरुवातीला बाईंनी नवीन काम दिलं. पहिलीच्या पोरांसाठी अक्षरांचे व्हिडिओ. एका जोडीला दोन अक्षरं. एकाने पाटीवर काढायचं आणि समजवायचं, दुसऱ्याने टॅब धरायचा. त्या संध्याकाळी ताईने पहिला टॅब उघडला. त्यात जुळे भाऊ. एकाच्या हातात पाटी. "नमस्कार. आज आपण म शिकू. आधी उभी काठी. घाबरू नका. घाबरलात तर पुसा आणि परत काढा."

घाबरू नका. हे ताईला तोपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. तिला अक्षरं शिकवायला निघालेले सगळे एकतर ओरडलेले, नाहीतर कंटाळलेले. धाकटीनेच दोनदा बसवलेलं, तर दहा मिनिटांत, "अगं सोपं आहे गं, तुला कसं येत नाही?" म्हणाली होती. त्याचा पस्तावा धाकटीला अजून आहे. या पोराला मात्र पुढे कोण आहे ते दिसत नव्हतं. ताईने व्हिडिओ परत लावला. खाली फरशीवर पाण्यात बोट बुडवून उभी काठी काढली. चुकली तर पुसायचीही गरज नाही, आपोआप वाळते.

असे दिवसाला दोन-दोन. घरी कोणाला बोलली नाही. सहाचे साडेसहा व्हायला लागले एवढंच.

त्यात फटफटी. ही बोलायला लागली की थांबत नाही म्हणून ताईनेच ठेवलेलं नाव. तिच्या वाटणीला ग आणि र. आता टॅबला दोन कॅमेरे असतात, एक पाठीकडे आणि एक तोंडाकडे. बाईंनी बजावलेलं, पाठीकडचा लावा. पण फटफटीला बोलताना स्वतःला बघायचं असतं. तिने जोडीदाराला बाजूला केलं, तोंडाकडचा कॅमेरा लावला, आणि स्वतःच सगळं केलं. आणि त्या टॅबात तोंडाकडून घेतलं की आरशातल्यासारखं साठतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, कपाळावर हात मारला, पुसलं, परत करायला लावलं. पण आदल्या संध्याकाळी ताईचा ग आणि र शिकून झालेला होता. झालेलं अक्षर परत कशाला बघायचं, म्हणून तिने दुसऱ्यांदाचा व्हिडिओ नुसता चालतोय ना तेवढं बघून सोडला.

चार दिवसांनी ते एक्स्टेंशन तापायला लागलं. ताईला वाटलं, कोणी हात लावला तर भाजेल. दुसरं कोणी असतं तर बाईंना तोंडी सांगितलं असतं. ताईनेपण चोवीस वर्षं तोंडीच सांगितलं होतं. पण त्या दिवशी काय वाटलं कोणास ठाऊक, तिने खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि खडूने लिहिलं, गरम. जन्मात स्वतःच्या मनाने लिहिलेला पहिला शब्द. ग उलटा, र उलटा, म एकदम झकास. वर टांगला आणि घरी गेली.

सकाळी बाईंना दिसला. त्यांनी वर्गात विचारलं, हे कोणी लिहिलं? सगळा वर्ग चिडीचूप. संध्याकाळी बाई पुठ्ठा घेऊन जिन्याखाली आल्या. ताई स्टुलावर, मांडीवर टॅब.

"मावशी, हे कोणी लिहिलं?"

"पोरांनीच कोणीतरी."

"पोरांनी लिहिलं असतं तर आतापर्यंत दहा जणांनी एकमेकांची नावं सांगितली असती. आज कोणीच कोणाचं नाव घेतलं नाही. म्हणजे पोरांनी नाही." बाईंनी पुठ्ठा उजेडात धरला. "आणि असा ग फक्त एका व्हिडिओत होता मावशी. तोही एकच रात्र."

ताईच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती म्हणाली, "बाई, माझी नोकरी जाईल का हो?"

बाईंनी बादली पालथी घातली आणि तिच्यासमोर बसल्या. पुठ्ठा मांडीवर ठेवून 'म'वर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "म कोणाकडून घेतलात?"

"जुळ्यांकडून."

"चांगला आलाय."

"पोरगा समजावतो छान. ओरडत नाही."

"आणि फटफटीमुळे मला ग दोनदा सरळ करावा लागणार, एकदा तिचा, एकदा तुमचा," बाई म्हणाल्या, आणि दोघी जिन्याखाली अशा हसल्या की वरून मोठे सर डोकावून गेले.

त्या दिवशी घरी येऊन ताईने धाकटीला पहिल्यांदा सांगितलं. धाकटी हसली, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

बाईंनी कोणाला एक शब्द सांगितला नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी वर्गाला काना, मात्रा, वेलांटीचे व्हिडिओ करायला लावले. मग जोडाक्षरांचे. वर्गाला वाटलं हे पहिलीसाठी. पहिलीच्या बाई म्हणाल्या, "अहो, आमची पोरं अजून इथवर आलीसुद्धा नाहीत." बाई म्हणाल्या, "येतील की." ताई जिन्याखाली पुढे पुढे जात होती. दुकानाची पाटी वाचायची, बसचा फलक वाचायची, आणि धाकटीला कोपर मारायची. एकदा औषधाच्या बाटलीवरचं वाचताना पाच मिनिटं लावली. धाकटीच्या नवऱ्याने कपाळ धरलेलं, तो म्हणाला, "ताई, तोवर माझं डोकं दुखायचं थांबलं."

आणि या वर्षाच्या शेवटी वर्गाने ठरवलं, शाळेतल्या मोठ्या माणसांचे व्हिडिओ करायचे. प्रत्येक मोठ्या माणसाने पहिलीच्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं, आणि ते पालकांच्या सभेत लावायचं. फटफटीने हात वर केला, "मला चार्जरमावशी."

बाईंनी ताईला एकटीला गाठून सांगितलं, नको असेल तर मी तिला दुसरं कोणी देते. ताई म्हणाली, द्या दुसरं कोणी. पण फटफटी ऐकते का? रोज दारात उभी. ताईने पंधरा दिवस टोलवलं. आज फरशी ओली आहे. आज घसा बसलाय. आज केस चांगले नाहीत. पोरगी म्हणाली, "मावशी, तुमचे केस रोजच असे असतात." शेवटी ताई हो म्हणाली. पान होतं एका बदकाचं, पाच ओळी. आठवडाभर घरी सराव चालला. धाकटी शिवताना ऐकायची. ताई ओळीखाली बोट धरून वाचायची, आणि अडली की बोट त्या अक्षरावर असं दाबायची, जसं काही ते पळून जाईल. "नाही जमलं तर?" मधेच विचारायची. "सगळ्यांसमोर नाही जमलं तर? मग सगळंच बाहेर येईल गं." धाकटी म्हणायची, "जमेल." मनात तिचीही तीच धाकधूक. चौथी पास तिनेच लिहिलेलं ना.

त्या शेवटच्या दिवशी ताईने सकाळी दोनदा केस विंचरले, आणि गेली. पुढचं सांगितलंच.

ताई गेल्यानंतर नवव्या दिवशी दुसरीच्या बाई घरी आल्या. पिशवीत टॅब होता. पाणी दिलं, ते हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "बारा वेळा घेतलं होतं. त्यातले दोन ठेवलेत. शनिवारी सभा आहे. कुठला लावायचा ते घरच्यांना विचारल्याशिवाय मला ठरवता येईना."

बारावा लावला. त्यात ताई खुर्चीत ताठ बसलेली, पाचही ओळी धडाधड वाचल्या, कुठे अडली नाही, नमस्कार केला, संपलं. धाकटीचा नवरा म्हणाला, "व्वा."

मग बाईंनी सातवा लावला. ताई दुसऱ्या ओळीत 'तळ्याच्या'पाशी अडली. बोट दाबलं. परत वाचायला गेली, परत अडली. टॅबमागून फटफटीचा आवाज, "मावशी, तुम्हाला वाचता येत नाही का?" ताईने वर बघितलं. टॅबकडे नाही, पोरीकडे. "नव्हतं येत," ताई म्हणाली. "तुमचेच व्हिडिओ बघून बघून शिकले. जिन्याखाली." फटफटी म्हणाली, "माझा कुठला बघितला?" ताई म्हणाली, "तुझ्यामुळे तर आठवडाभर उलटी वाचत होते मी. थांब आता, येतंय." आणि वाचलं. तळ्याच्या काठावर. मग एवढं जोरात हसली की तिसरी ओळ हसण्यातच गेली.

बाईंनी टॅब मांडीवर पालथा ठेवला.

"वर्ग काय म्हणतोय?" धाकटीने विचारलं.

"फटफटी सातवा म्हणते. मी म्हटलं, त्यात मावशी अडल्यात. तर म्हणाली, बाराव्यात मावशी कोणाशी बोलतच नाहीत."

"बारावा लावा," धाकटीचा नवरा म्हणाला. वाईट माणूस नाही तो, काळजीनेच म्हणाला. "जन्मभर झाकलं बिचारीने. आता ती सांगायलाही नाही, आणि आपण उघडं करायचं? पुसायचंच होतं ना तिला?"

"उद्या बघू म्हणाली होती," धाकटी म्हणाली.

तिने बाईंकडून टॅब घेतला आणि सातवा परत लावला. मग परत. तिसऱ्यांदा बघताना तिला दिसलं. 'नव्हतं येत' म्हणाल्यावर ताईचे खांदे खाली आले. चोवीस वर्षं कोणीही कागद पुढे केला की ते खांदे कानाला लागायचे, घरातसुद्धा. आणि त्यानंतर जे वाचलं, त्यात ओळीखाली बोट नव्हतं. दोन्ही हात मांडीवर. बाराव्यात तिने चुकायचं नाही म्हणून पाठ म्हटलेलं, हे धाकटीला लगेच कळलं. बाराव्यात पान उलटं धरलं असतं तरी चाललं असतं. वाचलं ते सातव्यातच.

"सातवा लावा," धाकटी म्हणाली. "आणि मोठ्या सरांनी विचारलं तर सांगा, फॉर्मवर चौथी पास तिच्या बहिणीने लिहिलं होतं. तिला तर ते वाचताही येत नव्हतं."

नवरा उठला आणि बाईंना म्हणाला, "तुमच्याकडे तो पंखेवाला व्हिडिओ आहे का हो? बघायचा राहिला होता."

शनिवारी सभेला धाकटी गेली. वर्गात छोटे बाक, त्यावर मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली. भिंतीवर पांढरी चादर लावून त्यावर व्हिडिओ. मोठ्या सरांचा झाला, स्वयंपाकघरातल्या दोघींचा झाला, बस चालवणाऱ्या काकांचा झाला. मग ताई आली भिंतीवर, माणसाच्या दुप्पट. धाकटीने बाकाची कड घट्ट धरली. 'नव्हतं येत' आलं. मग उलटी वाचत होते म्हणाल्यावर आधी पोरं हसली आणि मग पालक. फटफटी उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "ती मी! ती मी!"

दिवे लागल्यावर मोठे सर उठले. त्यांना आभार मानायचे होते, पण म्हणाले, "चोवीस वर्षं मी रोज हिच्या हातात लिहून देत होतो." एवढं म्हणाले आणि खाली बसले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. फॉर्मचं कोणी काही विचारलं नाही, ना तेव्हा, ना नंतर.

धाकटी पिशवी घेऊन निघाली तर व्हरांड्यात एक बाई थांबलेली. कोणाची तरी आई. हाताशी मुलगा, दुसरीतलाच. ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या बहीण ना? ते अक्षरांचे व्हिडिओ शाळेबाहेर मिळतात का हो? म्हणजे माझ्या सासूबाईंना पाहिजे होते. त्यांना फार हौस आहे शिकायची."

मुलगा म्हणाला, "आई, आजी तर रोज पेपर वाचते."

"तू गप रे," ती म्हणाली, आणि जमिनीकडे बघायला लागली.

"मिळतील," धाकटी म्हणाली. "मी बाईंशी बोलते. सासूबाईंना म्हणावं, घरात बसून निवांत बघा, कोणी विचारत नाही. माझा नंबर घ्या."

बाईने फोन काढला. धाकटीने आकडे सांगितले, तिने एकेक दाबला, धाकटीचा फोन पिशवीत वाजला. आता नाव घालायचं. बाई स्क्रीनवर बोट धरून थांबली. मग फोन वर उचलून म्हणाली, "ताई, जरा इकडे बघता का? फोटो लावून ठेवते, म्हणजे ओळखू येईल."

धाकटीने पिशवी खाली ठेवली, कपाळावरचे केस मागे सारले, आणि फोनकडे बघितलं.